७५ वॅटचं कार्ड

आमच्या ताम्हिणीत गेमिंग पीसी जुळवताना पहिला प्रश्न एफपीएसचा नसतो, लाइटचा असतो. मुळशीचं पाणी १९२७ पासून भिऱ्याला उतरून वीज करतंय. आमच्याकडे मात्र पावसाळ्यात लाइट कधी जाईल, नेम नाही.

धाकट्या भावासाठी ऑफिसातून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० घेतला. आत २०१२ चा आय-फाइव्ह ३४७०. त्यात २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय. हे कार्ड जेमतेम ७५ वॅट खातं, तेही मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच. वेगळी वायर नको, म्हणून डब्यातला २७५ वॅटचा पॉवर सप्लाय तसाच चालला. तपकीर गल्लीतला विक्रेता म्हणाला, "दादा, मायनिंगचं नाही." असं सगळेच म्हणतात! तिथंच अर्धा तास गेम लावून तापमान बघितलं, मग पैसे दिले.

प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली. पुसून नवी लावली.

आई म्हणाली, "एवढ्यात इन्व्हर्टरची बॅटरी आली असती." खरंच आली असती. पण जीटीए फाइव्ह सुरू झाल्यावर तीच शेजारी येऊन बसली.

जूनमध्ये भाऊ पुण्याला शिकायला जाणार. डबा बरोबर नेणार का, हा विषय घरात कुणी काढत नाही.