मठात मुक्काम

एव्होऱ्याच्या लोयोस मठात आता पैसे मोजले की कोणालाही झोपता येतं. पंधराव्या शतकातला हा मठ १९६५ साली पोझादा झाला. पोझादा म्हणजे पोर्तुगाल सरकारने सुरू केलेली पांथशाळा, बरेचदा एखाद्या जुन्या वास्तूत थाटलेली. साधूंच्या कोठड्या जागच्या जागी राहिल्या. त्यांत गादी आली, न्हाणीघर आलं. बॅग उघडून ठेवली की चालायला वाट उरत नाही. मग लक्षात येतं, ज्याच्यासाठी ही खोली बांधली त्याच्यापाशी बॅगच नव्हती.

बाहेर पडलं की समोर रोमन देवळाचे खांब. डायनाचं देऊळ म्हणतात त्याला. मध्ययुगात या खांबांमधल्या फटी भिंतींनी बुजवून आत खाटकांनी दुकान मांडलं, आणि ते १८३६ पर्यंत चाललं. देऊळ आज उभं आहे त्याचं बरंचसं श्रेय त्या खाटकांना. इमारतीला पावित्र्यापेक्षा वहिवाट जास्त जगवते, असं या चौकात उभं राहिल्यावर वाटू लागतं. पोझादांचा सगळा खटाटोप या एका वहिवाटीसाठी आहे.

मठ रिकामे झाले ते १८३४ मध्ये. यादवीत उदारमतवादी जिंकले आणि ज्वाकीं आंतोनियो द आगियार या मंत्र्याने साधूंचे सगळे संघ एका फटक्यात बरखास्त केले. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘साधुमाऱ्या’. मठांत बराकी आल्या, दवाखाने आले, कुठे नुसती झाडं आली. पुढच्याच वर्षी ही लाट गोव्यात पोचली. जुन्या गोव्यातल्या टेकडीवरचा सेंट ऑगस्टीनचा मठ ओस पडला, १८४२ साली चर्चचं छत कोसळलं, आणि आता उरलाय तो जांभ्या दगडाचा अर्धामुर्धा मनोरा. पावसाळ्यात शेवाळलेला तो मनोरा ज्यांनी पाहिलाय, त्यांना लोयोसमधली गादी थोडी टोचेल.

मठ गेले तरी मठातली गोडधोडं राहिली. अंड्यांचा पिवळा बलक आणि साखर, हाच त्यांचा संसार. पांढरा बलक म्हणे कपड्यांच्या खळीला जायचा, मग पिवळ्याचं करायचं काय? गोव्याच्या बेबिंकेचं नातंही असंच एका मठाशी जोडतात. खरंखोटं त्या जोगिणींना ठाऊक.

पोझादांची कल्पना आंतोनियो फेर्रोची. हा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीचा प्रचारप्रमुख. विशीच्या आत असताना कवी पेसोआच्या मंडळींच्या ‘ऑर्फेउ’ मासिकावर संपादक म्हणून याचं नाव होतं, म्हणजे रसिकतेत माणूस कमी नव्हता. १९४२ मध्ये स्पेनच्या सीमेजवळ एल्व्हासला पहिली पोझादा उघडली. ती नव्याने बांधलेली होती. किल्ले आणि मठ मागाहून आले. पडदे, ताटल्या, खुर्च्या, सगळ्यांतून त्या त्या प्रांताची कारागिरी दिसली पाहिजे, हा फेर्रोचा हट्ट. १९४८ साली लिस्बनच्या बेलेम भागात लोककलेचं संग्रहालय उघडलं, तेही याच्याच खटपटीतून. देश गरीब ठेवायचा आणि गरिबीवर कशिदा काढायचा, असा एकूण खाक्या.

आणि तरी एस्त्रेमोझला गेल्यावर माझा राग ढिला पडतो. हा संगमरवराचा मुलूख. दगड इतका मुबलक की साध्यासुध्या घराचा उंबरठासुद्धा संगमरवरी. टेकडीवर किल्ला, किल्ल्यात पांढरा बुरूज, आणि बुरुजाला लागून १९७० मध्ये सुरू झालेली पोझादा. ती राणी इझाबेलच्या नावाने आहे. राणीने १३३६ साली इथेच देह ठेवला. तिची कथा तिथलं शेंबडं पोरही सांगेल. ती गरिबांना वाटायला ओच्यात पाव घेऊन निघाली. राजाने हटकलं, ओच्यात काय? म्हणाली, गुलाब. भर थंडीत कुठले गुलाब? तिने ओचा सोडला तर खरोखरच गुलाब पडले.

हीच राणी खाली गावात मातीची होऊन भेटते, गुलाब घेऊन. एस्त्रेमोझच्या बाहुल्यांची परंपरा तीनशे वर्षांहून जुनी. धड वेगळं करायचं, डोकं वेगळं करायचं, ते जोडायचं आणि मग जिवंत माणसाला कपडे घालावेत तसे मातीचेच घागरे, मातीच्याच शाली आणि टोप्या अंगावर चढवायच्या. वाळवायचं, भाजायचं, रंगवायचं, वर रोगण. सुईणी, मेंढपाळ, सेंट अँथनी, शिवाय डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक ठसकेबाज बाई. तिचं नाव ‘प्रेम आंधळं असतं’.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम जवळजवळ बुडालं होतं. गावातल्या शाळेचा संचालक झुझे मारिया सा लेमुश हा शिल्पकार होता. त्याने जुनं काम हातात असलेली एक म्हातारी शोधून काढली, आना दास पेलेस. तिला गळ घातली, तिचे हात पुन्हा मातीत घालायला लावले, आणि तिच्यापासून इतरांनी उचललं. १९४५ साली म्हातारी गेली. २०१७ मध्ये युनेस्कोने या बाहुल्यांना मानवजातीच्या वारशात जागा दिली. मधली सगळी वर्षं तिच्या बोटांवर तोललेली होती. पडक्या किल्ल्याला छप्पर घालता येतं. ती म्हातारी आणखी चार वर्षं भेटली नसती तर छप्पर कशावर घालणार होते?

गुरांच्या घंटांना असं दैव लाभेलच असं नाही. आल्कासोव्हास गावात लोखंडी पत्रा थंडच ठोकून त्याला घंटेचा आकार देतात. भोवती तांब्या-पितळेचे तुकडे ठेवून वर माती नि भुशाचा चिखल लिंपतात आणि सगळं भट्टीत घालतात. आत धातू वितळून पत्र्यावर चढतो. मग गार पाणी, मग चिखलाचं कवच फोडायचं, आणि शेवटी हातोड्याने स्वर लावायचा. आमच्याकडे बैलांच्या घुंगुरमाळेवरून गाडी कोणाची ते ओळखायचे, तसा तिथला मेंढपाळ अंधारात आपला कळप ओळखायचा. आता कुरणांना कुंपणं आली, मेंढपाळ उरले नाहीत. युनेस्कोने २०१५ मध्ये हे काम तातडीने जपण्याच्या यादीत घातलं. पाहुण्यांनी घंटा विकत घेऊन भिंतीवर टांगल्या तर कारागिराचं पोट भरेल, पण स्वर कोणासाठी लावायचा?

उत्तरेकडे बोरोच्या मठात वास्तुकार एदुआर्दु सोतु द मोरा याने वेगळा मार्ग धरला. मठ पुन्हा जुना केलाच नाही. पडझड होती तशी ठेवली आणि सपाट छतावर गवत वाढू दिलं. १९९७ मध्ये ते काम पुरं झालं. मला सगळ्या पोझादांत हीच आवडते, कारण ती मध्ये काही घडलंच नाही असं भासवत नाही.

आता पोझादा चालवतं एक मोठं हॉटेल-घराणं, आणि रिकाम्या वास्तू हॉटेलवाल्यांना देण्याची सरकारी हौस फिटलेली नाही. २०१६ मध्ये अशाच एका योजनेत पेनिशचा समुद्रकिल्ला आला. पेनिश म्हणजे सालाझारचा राजकीय तुरुंग. फेर्रो प्रांतोप्रांतीच्या ताटल्या निवडत होता तेव्हाही तो भरलेला होता. गोवामुक्तीचे पुढारी त्रिस्ताँव द ब्रागांझा कुन्हा १९४६ साली गोव्यात पकडले गेले, त्यांना आठ वर्षांची शिक्षा ठोठावून इथेच आणलं होतं. लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात गोवामुक्तीच्या लढ्यातले आपले मोहन रानडे कैदेत होते, गोवा मुक्त होऊन सात वर्षं झाली तरी, थेट १९६९ पर्यंत. राजवट एकच, दगडी भिंतीही सारख्याच. एकीत पाहुण्यांना गालिचे आणि दुसरीत माणसांना कड्या.

पेनिशच्या जुन्या कैद्यांनी आणि नागरिकांनी गिल्ला केला. हॉटेलला गिऱ्हाईक मिळालं नसतं असं नव्हे. मिळालं असतं, हीच तर भीती होती. योजना मागे पडली. राजवट कोसळल्यावर कैद्यांची सुटका झाली ती १९७४ सालच्या २७ एप्रिलला. २०२४ मध्ये त्याच तारखेला तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. आत मुक्कामाची सोय नाही. दिवसा जायचं, बघून निघायचं. भूक लागली तर बंदरावर निखाऱ्यावर भाजलेले सार्डिन मिळतात.