जीभ टोचावी की न टोचावी?

"कान सोनारानेच टोचावेत" ही म्हण आम्ही शिक्षक प्रतिवर्षी वर्गात शिकवितो, आणि ज्याच्या शब्दास वजन आहे त्यानेच उपदेश करावा, असा तिचा अर्थ फळ्यावर लिहून देतो. जीभ कोणी टोचावी, याविषयी मात्र मला ठाऊक असलेली एकही म्हण नाही. कारण उघड आहे. आपल्याकडे लेकरांचे कान टोचतात, मुलींचे नाक टोचतात, पूर्वी कपाळ व हात गोंदीत. पण जिभेच्या वाटेस आपले कोणी पूर्वज दागिन्यासाठी गेले नाहीत. म्हणून हा प्रश्न माझ्यापुढे आला तेव्हा उत्तर देण्यास तयार माप हाताशी नव्हते. विद्यार्थिमित्रहो व पालकहो, तो प्रश्न व त्याचा मी केलेला विचार येथे नम्रपणे मांडीत आहे.

प्रश्न माझ्या भाचीचा. वय वर्षे एकोणीस. पुण्यास महाविद्यालयात मराठी विषय घेऊन शिकते. गेल्या नाताळच्या सुटीत ती नगरास आली आणि जिभेच्या मधोमध आरपार एक लहानशी धातूची दांडी, दोन्ही टोकांस मणी असलेली, बसवून घेण्याचा आपला विचार तिने घरात बोलून दाखविला. तिची आई, म्हणजे माझी ताई, दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. दाजींनी 'हे परकीय थेर आपल्या घरात नकोत' एवढेच म्हणून वर्तमानपत्र उघडले. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली व म्हणाली, "मावशी, तू मराठीची शिक्षिका. तूच सांग. पण नुसते 'नको' म्हणू नकोस, कारण सांग."

कारण सांग, हे शब्द मी स्वतः वर्गात दिवसातून दहा वेळा उच्चारते. तेव्हा सुटका नव्हती.

प्रथम दाजींचे म्हणणे घेते. परकीय म्हणून वर्ज्य, हा नियम आपण खरोखर पाळू लागलो तर आपल्या आयाबहिणींच्या नाकांतील नथी प्रथम उतरवाव्या लागतील. प्राचीन हिंदुस्थानातील शिल्पांत स्त्रिया कानांत, गळ्यांत, कमरेस, पायांत नाना अलंकार घालून उभ्या आहेत. पण नाके मोकळी आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी १९३८ च्या सुमारास नथीच्या प्राचीनतेची चिकित्सा केली, तेव्हा जुन्या संस्कृत वाङ्मयात तिचा पत्ता लागत नाही, असेच त्यांना आढळले. मुसलमानी अमलाच्या काळात बाहेरून आलेला हा दागिना महाराष्ट्रात इतका रुळला की आज नथीवाचून मराठी वधूची कल्पनाच होत नाही. परकेपणा हा काही दोष नव्हे. फार तर तो नवेपणा होय, आणि नवेपणा आपोआप जुना होतो.

दुसरे म्हणणे ताईचे. देवाने दिलेल्या शरीरास भोक पाडावयाचे नाही, पवित्र शास्त्रात तशी मनाई आहे, असे ती म्हणाली. शास्त्र काढून मी पाहिले. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातील मनाई मृतांसाठी अंगावर घाव करून घेण्याची व अंगावर खुणा करण्याची आहे. उलट उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा सेवक रिबकेस सोन्याची नथ देतो. आणि जो दास मुदत संपल्यावरही धन्याचे घर सोडू इच्छित नाही, त्याचा कान दारापाशी आरीने टोचावा, असे निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. तात्पर्य, त्या ग्रंथावर हा भार टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

शिवाय मला ताईस विचारावेसे वाटले, आणि मी विचारलेही, की या मुलीचे कान बाराव्या दिवशी टोचले तेव्हा तिची संमती कोणी घेतली होती? सोनार तार घेऊन घरी आला, लेकरू किंचाळले, आपण साखर वाटली. ज्या घरात बारा दिवसांच्या बालकास न विचारता टोचतात, त्या घरात एकोणीस वर्षांची मुलगी आपण होऊन विचारावयास येते, ही मला तरी रागाची गोष्ट वाटत नाही. ताई यावर काही बोलली नाही, पण चहा तिने माझ्यापुढे जरा आपटूनच ठेवला.

याच संदर्भात मला आमच्या आजीची, म्हणजे भाचीच्या पणजीची, आठवण झाली. ती नेवासे तालुक्यातील. सातव्या वर्षी गोंदणारणीपुढे बसवून तिचे कपाळ व दोन्ही हात गोंदले होते, आणि नाकही टोचले होते. पुढे कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. गोंदण जाणे शक्यच नव्हते. नथ मात्र तिने उतरवून ठेवली. परंतु नाकातील भोक बुजू नये म्हणून लिंबाची बारीक काडी ती त्यात घालीत असे, आणि हे तिने मरेपर्यंत केले. मंडळीतील बायका विचारीत, "नथ घालावयाची नाही, मग काडी कशाला?" ती म्हणे, "असू दे." याहून अधिक खुलासा तिने कधी केला नाही, आणि मला वाटते तिच्या मनातील सर्व त्या दोन शब्दांत येत होते.

आपल्या जिल्ह्यास, ज्याचे नाव २०२४ साली अहमदनगर बदलून अहिल्यानगर झाले, कान टोचण्याची याहून कितीतरी कठोर परंपरा ठाऊक आहे. पाथर्डी तालुक्यात मढी येथे कानिफनाथांची समाधी आहे. रंगपंचमीस तेथे मोठी यात्रा भरते. कानिफनाथ हत्तीच्या कानातून जन्मले अशी आख्यायिका आहे. नाथपंथी योग्यांस 'कानफाटे' म्हणतात, कारण दीक्षेच्या वेळी त्यांच्या कानाची पाळी नव्हे, तर मधली कूर्चा दुधारी सुरीने चिरून तीत मोठी कुंडले घालतात. या पंथावर १९३८ साली सविस्तर ग्रंथ लिहिणारे जॉर्ज वेस्टन ब्रिग्ज हे स्वतः मिशनरी होते, हे येथे सहज सांगते. त्यांनी नमूद केले आहे की जखम भरेपर्यंत तीत लिंबाच्या काड्या घालून ठेवतात. हे वाचताना मला आजीचे नाक दिसले. कान चिरण्यापूर्वी शिष्यास काही काळ उमेदवारी करावी लागे, आणि तोवर तो 'औघड' म्हणविला जाई. गुरू पाहून घेत असे, आणि शिष्यासही परत फिरण्यास वाव असे.

जिभेचेही उदाहरण आहे. पण ते फार दूरचे. मेक्सिकोतील याश्चिलान या माया लोकांच्या नगरातील दाराची एक कोरीव शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. इ. स. ७०९ मधील विधी तीवर कोरला आहे: राजा हाती पेटती मशाल धरून उभा आहे, आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेली राणी आपल्या जिभेतून काटे लावलेली दोरी ओढीत आहे, रक्त खाली टोपलीतील कागदावर पडत आहे. तमिळ भाविकही तैपूसमच्या उत्सवात नवस फेडण्यासाठी जिभेतून व गालांतून लहान भाला आरपार घालतात. भाला आहे तोवर बोलणे बंद, हाही त्या नवसाचाच भाग मानतात.

भाचीस मी हे सर्व सांगितले आणि विचारले, "राणीने पूर्वजांसाठी केले, भाविक देवासाठी करतो, कानफाट्या गुरूसाठी. तू कोणासाठी करणार?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मावशी, माझे नाव आजोबांनी ठेवले, शाळा आईने निवडली, वसतिगृह बाबांनी ठरविले. कानातले, केस, कपडे, सगळे लोकांना दिसते आणि सगळ्यांवर लोक बोलतात. हे एक मी तोंड मिटले की कोणाला दिसणार नाही."

हे उत्तर ऐकेपर्यंत मी समजत होते की मुलीस मिरवावयाचे आहे. मिरविण्याच्या अगदी उलट असे काही तिच्या मनात होते. तेव्हापासून 'नको' हा शब्द माझ्या तोंडून सहजासहजी निघेना. मला स्वतःस ती कल्पना आवडत नाही, हे मी लपवीत नाही. परंतु माझी नावड हे कारण नव्हे.

मग कारण कोणते? ते जिभेच्या ठिकाणी शोधले पाहिजे. सुश्रुताने कर्णवेधाचा विधी सांगितला आहे. मूल सहासात महिन्यांचे असता, कान उन्हात धरून, ज्या जागी प्रकाश आरपार दिसतो त्या 'दैवकृत' छिद्राच्या जागीच टोचावे. भलतीकडे सुई गेली तर शिरा दुखावून रक्तस्राव व वेदना होतात. किती सूक्ष्म नजर! जीभ टोचणारा कुशल कारागीरही आधी जिभेखाली प्रकाश पाडून शिरा पाहून घेतो. परंतु कानाची पाळी एका जागी निवांत लोंबत असते; तिच्या शेजारी ना दात, ना हिरड्या, ना अन्न. जीभ मात्र जागेपणी क्षणभर स्वस्थ नसते, आणि तिच्यातील धातू प्रत्येक शब्दाबरोबर व घासाबरोबर दातांवर आपटतो. २००२ साली अमेरिकेत जीभ टोचलेल्या ५२ प्रौढांची तपासणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षे वा अधिक काळ लांब दांडी वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या खालच्या पुढील दातांमागील हिरड्या खाली सरकल्या होत्या. आणि चार वर्षे वा अधिक काळ दांडी वापरणाऱ्यांपैकी शेकडा ४७ जणांच्या दाढांचे वा उपदाढांचे टवके उडाले होते. येथे एक बारकावा आहे. सुरुवातीस जीभ सुजते म्हणून दांडी मुद्दाम लांब घालतात. सूज उतरल्यावर ती बदलून आखूड घालावयाची असते. हे कित्येक जण विसरतात.

जखम भरण्यास सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. त्या अवधीत तिखट व कढत वर्ज्य. नगरच्या मुलीस महिनाभर ठेचा व शेंगदाण्याची चटणी वर्ज्य, हा मुद्दा मी गंभीरपणे मांडला, ती हसली. न हसण्याचा भाग असा की सुई निर्जंतुक नसेल तर काविळीसारखे रोग रक्तातून येऊ शकतात, आणि क्वचित सूज गळ्याकडे उतरून श्वास कोंडल्याचीही उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली आहेत. ज्यांच्या हृदयाच्या झडपांत दोष आहे त्यांनी तर या वाटेस जाऊच नये. आणखी एक गोष्ट तिच्या बाजूची म्हणून तीही सांगितली: दांडी काढली की जिभेचे भोक बहुधा लवकर बुजते. पण झिजलेली हिरडी आपोआप परत वर येत नाही, आणि दाताचा उडालेला टवका उगवत नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. मुलगी आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकाच्या परीक्षेस बसणार आहे. तिचा आवाज चांगला आहे, आणि तिचा 'ळ' तर फारच चांगला आहे. हे मी मावशी म्हणून नव्हे, शिक्षिका म्हणून सांगते. 'ळ' उच्चारताना जिभेचे टोक मागे वळून टाळूस स्पर्शते व सुटते. ट, ठ, ड, ढ, ण यांचेही तसेच. आमच्या आजीस अक्षरओळख नव्हती. परंतु ज्या नेवाशात इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या परिसरातील 'ळ' तिच्या तोंडी स्वच्छ होता, आणि तो पणतीपर्यंत उतरला आहे. शहरातील कित्येक मुले आता 'शाळा' म्हणतानाही अडखळतात. सुजलेल्या जिभेने पहिले दिवस 'स' बोबडा निघतो, 'ळ' जड होतो. पुढे बहुतेकांचे बोलणे पूर्ववत होते. पण परीक्षा कोणत्या आठवड्यात येईल?

एवढे झाल्यावर मी तिला पाच प्रश्न लिहून दिले व सांगितले की जो टोचणार आहे त्यासच हे विचार. उपकरणे वाफेच्या दाबाने निर्जंतुक करता काय? सुई प्रत्येकास नवी वापरता काय? दांडी कोणत्या धातूची? लांब दांडी बदलण्यास केव्हा बोलावता? आणि रक्तस्राव थांबला नाही तर कोणत्या डॉक्टरांकडे पाठविता? याखेरीज एकदा दंतवैद्यास तोंड दाखवून ये, काविळीची लस झाली आहे का ते पाहा, आणि मग तू ठरव. तू सज्ञान आहेस. 'हो' किंवा 'नाही' मी म्हणणार नाही, पण जे ठरवशील ते आईस तू स्वतः सांगितले पाहिजे, ही एक अट मात्र मी घातली.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. ती त्या दुकानात जाऊन आली होती. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे त्या गृहस्थाने नीट दिली. नव्या सुया पाकिटासकट व निर्जंतुकीकरणाचे यंत्र उघडून दाखविले. धातू टायटॅनियम, असे सांगितले. पाचव्या प्रश्नास त्याने नुसते डोके खाजविले. उद्घोषकाच्या परीक्षेचे कळताच तो आपण होऊन म्हणाला, "मग ताई, ती होऊ द्या आधी." म्हणून तिने बेत पुढे ढकलला आहे, सोडलेला नाही, परीक्षेची तारीख अद्याप लागावयाची आहे. हे सर्व तिने आईस स्वतः सांगितले.

ताईने लगेच मला फोन केला. "मिटले ना एकदाचे?" मी म्हणाले, "नाही ताई, पुढे गेले आहे." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "तो धातू तोंडात गंजत तर नाही ना?" गंजत नाही, असे मी सांगितले.