समास आणि विग्रह

आमच्या घरीं तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात. तरीहि माझ्या थोरल्या वहिनींच्या ठेवीचें सहामाही व्याज आलें नाहीं, हें आम्हांस दोन महिने कळलें नाहीं. त्या कोणास बोलल्या नाहींत. औषध मात्र अर्ध्या मात्रेनें घेऊं लागल्या. कळल्यावर मी सूनबाईस विचारलें, कारण त्या बँकेच्या हिशेबाचे प्रोग्राम तीच लिहिते.

तेथील यंत्र आय. बी. एम. कंपनीनें १९८८ सालीं काढलेल्या एएस/४०० च्या वंशांतलें. त्यांत प्रत्यक्ष नोंदी 'फिजिकल फाइलीं'त असतात. त्याच नोंदी निराळ्या क्रमानें अथवा जोडून दाखविते ती 'लॉजिकल फाइल'. सूनबाईनें ठेवींची आणि पत्त्यांची फाइल खातेक्रमांकावर जोडून व्याजाची यादी काढली होती. मला तर हा सरळ समासच वाटला.

"मामंजी, चूक माझीच आहे," ती म्हणाली. खात्यांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हां वहिनींची पत्त्याची नोंद जुन्याच क्रमांकावर राहिली. दुसऱ्या फाइलींत जोडीदार मिळाला नाहीं, कीं पहिलींतील नोंदहि जोडींतून गळते, आणि यंत्र हूं कीं चूं करीत नाहीं! 'जेडीएफटीव्हीएएल' असा एक शब्द (उच्चारतांना माझी जीभ अडखळते) घातला असता, तर पत्त्याची जागा रिकामी राहून नांव तरी आलें असतें. तो तिनें घातला नव्हता.

"मग त्या जोडफाइलींतच दुरुस्ती करून टाक," मी मास्तरी सल्ला दिला.

ती हसली. जोडफाइल केवळ वाचावयाची. तिच्यांतून कांहीं बदलतां येत नाहीं. मूळ फाइल दुरुस्तीसाठीं उघडावी, जुन्या क्रमांकावरून नोंद गांठावी, नवा क्रमांक घालून परत लिहावी. तोंवर दुसऱ्या कोणास ती नोंद बदलतां येत नाहीं. समासाच्या पोटांतील पदाची विभक्ति पालटावयाची, तर आधीं विग्रह करावा लागतो, हें मी पस्तीस वर्षें मुलांस सांगत आलों. पण स्वतःस लागू पडलें तेव्हां आठवलें नाहीं.

तो शब्द घालून तिनें यादी पुन्हां काढली. वहिनींखेरीज आणखीहि नांवें निघालीं, बहुतेक वृद्धांचीं. त्यांपैकीं एकानेंहि तक्रार केली नव्हती.

त्याच रात्रीं ती वहिनींपाशीं जाऊन बसली. "माई, माझ्या हातून चुकलें."

"अगं, मला वाटलें, एवढीं वर्षें मी जगेन हें बँकेच्या हिशेबांत नसेल!" वहिनी म्हणाल्या, आणि औषधाची बाटली कोठें ठेवली आहे तें तिला विचारूं लागल्या.