पुढे पाठवा ना, डॉक्टर!

आमचे फॅमिली डॉक्टर म्हणजे अगदी घरचेच. फी कमी, गप्पा जास्त. बाबांचा आवाज बसला, तर ‘घसाच आहे, गुळण्या करा’ असं चार महिने सांगत राहिले. खरं तर आवाज तीन आठवड्यांत सुधारला नाही, की ईएनटीकडून स्वरयंत्र तपासून घ्यायचं असतं. आईनं विचारलंही, ‘स्पेशालिस्टला दाखवू या का?’ ते फक्त हसले. कॅन्सर कळला तेव्हा ऑपरेशनशिवाय पर्याय नव्हता. आता बाबा माझ्याशी पाटीवर लिहून भांडतात.

निष्काळजीपणा फक्त चुकीच्या औषधात नसतो. आपली हद्द न ओळखण्यातही असतो. १९९२ मध्ये मुंबईत एका होमिओपॅथनं तापाच्या पेशंटला ॲलोपॅथीची औषधं दिली. पेशंट दगावला. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याच्या पत्नीला ३ लाखांची भरपाई मिळवून दिली. फी भरून उपचार घेतले असतील, तर ग्राहक आयोगाकडे तुम्हीही जाऊ शकता. फक्त दोन वर्षांच्या आत. आणि पेपर्स मागितले, की ७२ तासांत मिळायला हवेत.

पण ती वेळच कशाला येऊ द्यायची? ‘सेकंड ओपिनियन घेऊ का?’ बिनधास्त विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही, चिठ्ठी लिहून देतो.