दम

मराठीतला ‘दम’ हा शब्द फसवा आहे. दम म्हणजे श्वास आणि दम म्हणजे धमकही. ‘त्याच्यात दम नाही’ असे म्हणताना आपण कुणाची फुप्फुसे तपासलेली नसतात. त्याची योग्यता मात्र निकालात काढलेली असते.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या एका स्नेह्याशी शर्यतीच्या घोड्यांविषयी बोलताना हे प्रकर्षाने जाणवले. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही. त्याला फक्त नाक. चौखूर धावताना एका ढांगेला एकच श्वास. उभा असता मिनिटाला ८ ते १६ असणारे श्वास तेव्हा शंभरावर जातात. सरावाने त्याचे हृदय आणि स्नायू बळावतात, फुप्फुसे जवळजवळ तशीच राहतात. त्यामुळे श्वासमार्गातला किरकोळ दोषही अखेरच्या टप्प्यात घोड्याला मागे खेचतो.

गंमत अशी की, तबेल्यात हाच घोडा धडधाकट दिसतो. खोकला असतोच असे नाही. ‘मागे पडणे’ हेच पुष्कळदा एकमेव लक्षण! मग नाकावाटे दुर्बीण घालून श्वासनलिका पाहतात. धावल्यावर तासाभराने पाहिले तर फुप्फुसातून आलेले रक्तही आढळते. फुप्फुसात सलाइन सोडून, ते परत ओढून त्यातल्या पेशी तपासतात. स्वरयंत्राचा, बहुधा डाव्या बाजूचा, लुळेपणा तर कधी घोडा धावत असतानाच दुर्बिणीत सापडतो. २०१६पासून पशुवैद्यकात ‘घोड्यांचा दमा’ ही संज्ञा रूढ झाली. त्यामागे पुष्कळदा असते ती वाळल्या गवताची आणि तबेल्यातली धूळ. म्हणजे ज्याला आळशी ठरवून टाच मारली जाते, त्याला हवे असते भिजवलेले गवत आणि मोकळी हवा.

अंबरनाथ एमआयडीसीच्या परिसरात शिकवताना हे मनातून जात नाही. रासायनिक कारखान्यांच्या वाऱ्यात वाढलेली, रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसणारी मुले उत्तरपत्रिकेत मागे पडतात आणि स्टाफरूममध्ये कुणीतरी सहज म्हणते, ‘या बॅचमध्ये दम नाही.’ मुले म्हणजे घोडे नव्हेत, हे खरेच. पण गुणपत्रिका हेही एक लक्षणच असते, निदान नव्हे. शर्यत हरलेल्या घोड्याचा श्वास तपासण्याइतका धीर पशुवैद्य दाखवतो. साहित्य शिकवणाऱ्या आपण, शब्दांचे अर्थ पारखण्याचाच पगार घेणाऱ्यांनी, ‘दम’ या शब्दाचा पहिला अर्थ आधी तपासायला काय हरकत आहे?