पलीकडून हाक नको

मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी बससेवा सुरू झाली. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. तेव्हापासून बसथांबा हा जणू घराचाच बाहेरचा उंबरठा झाला आहे. शाळेला निघालेल्या मुलाला आई तेथवर पोहोचवते. माहेरी येणाऱ्या लेकीची वाट वडील तेथेच पाहतात. गाडी आली की जीव भांड्यात पडतो. मात्र प्रवास संपला असे ज्या क्षणी वाटते, तोच क्षण पुष्कळदा सर्वांत नाजूक असतो.

भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून बसचे दारही डावीकडे असते. घर पलीकडे असेल, तर उतरणाऱ्याला सबंध रस्ता ओलांडावा लागतो. महामार्गावरील एखादा फाटा डोळ्यांसमोर आणावा. दिवेलागणीची वेळ. आजोबांच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नातीचे बोट. पलीकडून आजी हाक मारते आणि नात बोट सोडवून बसच्या पुढून धाव घेते. उंचावर बसलेल्या चालकाला अगदी पुढ्यातले लहान मूल दिसतेच असे नाही. बसला मागे टाकून जाऊ पाहणाऱ्या दुचाकीस्वाराला तर बसच्या आडचे काहीच दिसत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. ब्रेक दाबण्याचे भान येईपर्यंत तेवढे अंतर सरलेले असते.

बसच्या मागून जाणेही निर्धोक नाही, कारण समोरून येणारी वाहने बसमुळे झाकली जातात. उपाय एकच, आणि तो विनामूल्य आहे: उतरल्यावर रस्त्याच्या कडेला थांबावे, बस निघून जाऊ द्यावी आणि दोन्ही बाजू मोकळ्या दिसल्यावरच पाऊल उचलावे. दिवसभराच्या प्रवासानंतर ही अर्ध्या मिनिटाची प्रतीक्षा जड वाटते. पण संयमाची खरी कसोटी अशा क्षुल्लक भासणाऱ्या क्षणीच लागते.

हा संयम केवळ पादचाऱ्याचा नव्हे. थांब्यावर रिक्षा किंवा हातगाडी उभी केली की बसला रस्त्याच्या मध्येच थांबावे लागते आणि म्हातारी माणसे वाहनांच्या गर्दीत उतरतात. बस आणि पदपथ यांच्यामधील फटीतून दुचाकी घुसवणारा तर उतरणाऱ्याच्या पावलाखालची जमीनच काढून घेतो. उभी बस दिसताच वेग कमी करणे म्हणजे न दिसणाऱ्या माणसाचाही विचार करणे होय.

घरच्या मंडळींनी एक साधा नियम पाळावा. कोणाला घ्यायला जायचे असेल, तर गाडी येण्यापूर्वीच रस्ता ओलांडून ती थांबते त्या बाजूला उभे राहावे. पलीकडून हात हलवू नये, नावाने साद घालू नये. मायेची हाक ऐकली की मूल रस्ता पाहत नाही. ते फक्त माणूस पाहते. त्या मायेने चार पावले आधीच पुढे यावे आणि उतरणारा चिमुकला हात दारापाशीच आपल्या हाती घ्यावा.