नाशिक, आजोबा आणि ती सूंऽऽ

'वीकेंडला नाशिकला चाललेय' असं ग्रुपवर टाकलं की पुढच्या मिनिटाला रिप्लाय येतो, 'वाइन? मीपण येते!' सुलाची पहिली वाइन २००० साली आली आणि तेव्हापासून मुंबईकरांसाठी नाशिक म्हणजे द्राक्षं, ग्लास आणि गंगापूर धरणावरचा सनसेट. मी मात्र या वेळी पंचवटी एक्स्प्रेस पकडली ती भलत्याच कामासाठी. पायाशी होतं गोणपाटात गुंडाळलेलं चौदा किलोचं धूड. समोरच्या काकूंनी इगतपुरीपर्यंत धीर धरला, मग विचारलंच, "मिक्सर आहे का गं?"

मिक्सर नाही, अँप्लिफायर. व्हॉल्व्हचा. साठच्या दशकातला. माझ्या आजोबांनी स्वतः जोडलेला.

आमचे आजोबा नाशकात साउंड सर्व्हिस चालवायचे. लग्नाचे मांडव, रामनवमी, रंगपंचमीची रहाड, गोदाघाटावर हरवलेल्या माणसांच्या अनाउन्समेंट... सगळीकडे हाच अँप आणि त्याला जोडलेले भोंगे. पुढे धंदा बंद झाला आणि अँप माळ्यावर गेला. मागे एक सिंगल स्क्रीन थिएटर मोडीत निघालं, तेव्हा आजोबांनी तिथले पडद्यामागचे दोन हॉर्न स्पीकर उचलून आणले होते. कपाटाएवढे! गेली कित्येक वर्षं त्यांच्यावर पापड वाळतायत.

आता भांडी बाजाराजवळचा आमचा वाडा दिवाळीनंतर रिकामा करायचाय. रीडेव्हलपमेंट. बाबांनी अल्टिमेटम दिलं, "वाजत असेल तर नव्या फ्लॅटमध्ये जागा करू. नाहीतर भंगारवाला आहेच." म्हणून मी अँप मुंबईला नेऊन रिस्टोअर करून घेतला. नवे कपॅसिटर, साफ केलेले सॉकेट, नवी वायर. तिथे छोट्या स्पीकरवर ऐकला, एकदम क्लीन! खूश होऊन परत आणला, थिएटरच्या हॉर्नला जोडला, बटण दाबलं. व्हॉल्व्ह केशरी झाले आणि...

सूंऽऽऽऽ.

गाणं लावायच्या आधीच. कुणीतरी खोलीत प्रेशर कुकर विसरल्यासारखं.

"आजोबा, हिस आहे हो याच्यात."

"कुठाय?" आजोबा स्पीकरला कान लावून म्हणाले. वय ८६. वयानुसार कान सगळ्यात आधी वरच्या पट्टीतले आवाज सोडून देतात आणि हिस बऱ्याच अंशी तिथेच राहते. त्यांना ती ऐकूच येत नव्हती. मी मात्र दोन दिवस 'याच्यात फॉल्ट आहे, फॉल्ट आहे' म्हणत फिरत होते. तिसऱ्या वेळी आजोबा उठून आतल्या खोलीत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही."

बोंबला. फॉल्ट मी मशीनचा काढत होते, लागला तो माणसाला.

तेव्हा ठरवलं, ही सूं शोधायचीच. गुरुवारी सकाळी अँप रिक्षात टाकला. भांडी बाजारातून निघालं की तांब्या-पितळेच्या दुकानांतली ठणठण, रविवार कारंजावर चांदीच्या गणपतीपाशी हॉर्नची जुगलबंदी, मेन रोडवर 'ताई, बघून तर जा'चा कोरस. जुन्या नाशकात दिवसा हिस ऐकून दाखवा, बक्षीस देते! एम. जी. रोडवर आता जिकडेतिकडे मोबाइलची कव्हरं लटकतात. पण एका बोळात, एका जिन्याखाली, अजून एक काका बसतात. टेबलावर मीटर, सोल्डरिंग आयर्न आणि अर्धा कप चहा. त्यांनी अँप उघडला आणि पहिलं वाक्य टाकलं, "डाग बघा कसा दिलाय. हात होता माणसाचा."

मग त्यांनी माझी शाळा घेतली.

"आवाज तीन प्रकारचे," काका म्हणाले. "घूं येतं ते विजेचं, ५० किंवा १०० हर्ट्‌झचं. चरचर येते ती सैल पिनची, घाणीची नाहीतर रेकॉर्डची. आणि सूं येते ती इलेक्ट्रॉनची. व्हॉल्यूम शून्य करा बरं."

केला. सूं तशीच!

"म्हणजे ती व्हॉल्यूमच्या पुढच्या स्टेजमधून येतेय. बटण मागे राहिलं, ते काय करणार?"

ही इलेक्ट्रॉनची भानगड फार जुनी आहे. व्हॉल्व्हमधून करंट वाहतो तो सलग धारेसारखा नाही, तर टिनाच्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा, एकेक थेंब. हे १९१८मध्ये जर्मनीत वॉल्टर शॉट्कीनं मांडलं. १९२८मध्ये अमेरिकेत बेल लॅबच्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी दाखवलं की कुठल्याही रेझिस्टन्समध्ये नुसत्या उष्णतेनं इलेक्ट्रॉन वळवळतात आणि त्याचाही आवाज होतो. मग थंडीत हिस कमी होईल का? निफाडची दहा डिग्रीची पहाट आणि मे महिन्यातली चाळीस डिग्रीची दुपार यात फरक पडतो जेमतेम पाच टक्क्यांचा. कानाला कळतसुद्धा नाही. त्यात जुने कार्बनचे रेझिस्टन्स. त्यांच्यातून डीसी करंट गेला की ते या आवाजात आपली वेगळी भर घालतात.

"पण मुंबईत का नाही ऐकू आली?" माझा प्रश्न.

काका हसले. "स्पीकर कुठला होता?"

इथे खरा फंडा आहे बॉस. आपल्या घरातला छोटा स्पीकर एक वॉट दिला की मीटरभर अंतरावर साधारण ८५ डेसिबल आवाज देतो. थिएटरचा हॉर्न तेवढ्याच एका वॉटमध्ये १०० डेसिबलच्या घरात जातो. फरक १५ डेसिबल, म्हणजे सुमारे ३२ पट पॉवर! हॉर्न गाणं मोठं करतो, तशीच हिसही मोठी करतो. शिवाय घरात आपण ऐकतो ८० डेसिबलच्या आसपास. त्यासाठी त्या हॉर्नला लागतो एका वॉटचा फक्त शंभरावा भाग. तीस वॉटचा अँप जवळजवळ झोपूनच असतो. हिस मात्र झोपत नाही.

वर हा अँप माइकसाठी बांधलेला. माइकमधून येतात काही मिलिव्होल्ट, त्यांचा आवाज घाटभर करायचा म्हणजे गेन तुफान हवा. मांडवात पाचशे माणसं, पोरांचा दंगा, भटजी, बँड... तिथे ही सूं कुणाला ऐकू येणार? ती तेव्हाही होतीच. गर्दीनं झाकली होती.

म्हणजे गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही, हे आजोबांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. हा फॉल्ट नव्हताच. मैदानासाठी केलेली वस्तू आम्ही बारा बाय पंधराच्या खोलीत आणून बसवली होती.

काकांनी यादी दिली आणि एक अट घातली. "दुसऱ्या स्टेजचे दोन रेझिस्टन्स बदलायला लागतील. डाग आजोबांचा आहे, विचारून या."

संध्याकाळी आजोबांना घेऊन गोदाघाटावर गेले. पावसाळ्यात नाशिककर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अख्ख्या गावाला आकडा कळतो. मी म्हटलं, "आजोबा, अँपमधली सूं म्हणजे हे नदीचं पाणी. तुम्ही केलं तेव्हा लोक वरच्या पायरीवर होते. आम्ही खालच्या पायरीवर येऊन बसलो आणि म्हणतो, भिजलो!"

आजोबा बराच वेळ मारुतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग पायरी बदला की."

"त्यासाठी तुमचे दोन डाग काढावे लागतील."

"काढ गं. मी काय म्युझियम काढलंय?"

शुक्रवारी काकांनी दोन कार्बनचे रेझिस्टन्स काढून मेटल फिल्मचे घातले. चार व्हॉल्व्ह आलटून पालटून त्यातल्या त्यात शांत असलेला निवडला. शेवटी अँप आणि स्पीकरच्या मध्ये रेझिस्टन्सचा पॅड टाकला, दहा डेसिबलचा. गाणं आणि हिस दोन्ही तेवढेच खाली. गाण्यासाठी व्हॉल्यूम वर नेता येतो, हिस तिथेच राहते. खर्च? आमच्या ग्रुपच्या एका संध्याकाळच्या कॉफीपेक्षा कमी! ट्रेबल कापून हिस दाबायचा सोपा उपाय होता, पण काकांनी साफ नकार दिला. "तंबोऱ्याची जवारी पण जाईल त्याच्याबरोबर."

रात्री बाजार बंद झाल्यावर लावली द. वि. पलुस्करांची एलपी. त्यांचा जन्म इथलाच, नाशिकचा, १९२१चा. वडील विष्णु दिगंबर यांनी अखेरच्या काळात नाशकातच रामनाम आधार आश्रम काढला होता. १९३१मध्ये ते गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा. आणि हा मुलगा १९५५मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. उरल्या त्या रेकॉर्ड्‌स.

आधी रेकॉर्डची चरचर, मग तंबोरा, मग तो स्वच्छ आवाज. सूं होती. हॉर्नच्या तोंडाशी कान नेला तर अजून आहे. पण खुर्चीत बसलं की नाही.

बाबा दारात उभे होते. काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं टेप आणली आणि स्पीकरची रुंदी मोजायला लागले.

"आजोबा, आता हिस आहे का?" मी विचारलं.

"मला आधीपण नव्हती," आजोबा म्हणाले. "तू गप्प बस. गाणं चाललंय."

घरी ट्राय करायचंय?

* व्हॉल्यूम शून्य करा. हिस तशीच राहिली तर ती पुढच्या स्टेजची, गेली तर मागच्या स्टेजची किंवा प्लेयरची.
* स्पीकर घेताना सेन्सिटिव्हिटीचा आकडा बघा. जुन्या अँपला ९५च्या वरचा स्पीकर जोडणार असाल तर हिस गृहीत धरा.
* झाकण स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपर्यंत चार्ज राहू शकतो. जिन्याखालचे काका शोधा.
* आणि निदान रात्री अकरानंतर ऐका. दिवसा जुन्या नाशकात काहीच कळणार नाही. दिवसा साबुदाणा वडा खा!